न पुसलेलं हसू

“तुला चालेल ना, रोहिणी?” भरतेशने विचारलं.

रविवारची सकाळ होती. मिरजेबाहेरच्या त्या पुनर्वसन केंद्रात भेटीची वेळ संपत आली होती. भरतेश खाटेच्या पायथ्याशी स्टुलावर बसला होता आणि पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत, सोडवत होता. अवघड बोलायचं असलं की लग्नाआधीपासून त्याची ही सवय.

“अनघाला तू ओळखतेस. आमच्या कॉलेजात बॉटनी शिकवते. तू आजारी पडल्यापासून तिने खूप केलंय आमचं. सन्मतीच्या परीक्षेत तर रोज डबा आणायची. आणि आता... आता ते नुसतं डब्यापुरतं राहिलेलं नाही. तुझ्यापासून लपवायचं नव्हतं म्हणून सांगतोय. तुला नको असेल तर मी इथेच थांबवतो सगळं. खरंच.”

नको, रोहिणी ओरडली. नको, नको, नको.

तिचे ओठ हलले नाहीत. डोळे उघडे होते, पण बुबुळं जागची ढळली नाहीत. छातीवरची चादर गळ्यातल्या नळीच्या यंत्राबरोबर वर झाली, खाली आली, पुन्हा वर झाली. भरतेश तिच्याकडे बघतच नव्हता. तिच्या डोक्याच्या डावीकडे, वीतभर अंतरावर लावलेल्या स्क्रीनकडे तो बघत होता. गेले सात महिने सगळेच तिकडे बघून तिच्याशी बोलत.

त्याचा चेहरा हळूहळू सैलावला.

“मला वाटलंच होतं,” तो म्हणाला आणि रुमालाने डोळे पुसले. “तुझं मन पहिल्यापासून मोठं. हसतेयस ना, बस झालं. मला तेवढंच बघायचं होतं.”

तो गेला. रोहिणी समोरच्या खाटांकडे आणि भिंतीकडे बघत राहिली. दुसरं काही बघणं तिला शक्य नव्हतं.

*

रोहिणी चौगुले त्रेचाळीस वर्षांची होती. पुण्यातल्या एका कंपनीसाठी सांगलीच्या घरातून काम करणारी प्रोग्रॅमर. एका सकाळी पोहे भिजवता भिजवता तिच्या मेंदूच्या देठाकडे जाणारी रक्तवाहिनी बंद पडली. देठ म्हणजे मेंदूचे हुकूम शरीरापर्यंत नेणारा रस्ता. तो तुटला. मेंदू शाबूत राहिला. ऐकू येत होतं, दिसत होतं, दुखत होतं, आठवत होतं. पण बाहेर काही पाठवायला वाटच उरली नव्हती. अशा पुष्कळ रोग्यांना निदान डोळे वरखाली करता येतात. रोहिणीला तेही जमत नव्हतं.

पहिले दोन महिने ती शुद्धीत आहे हेच कुणाला माहीत नव्हतं. तिच्यादेखत डॉक्टर तिच्याविषयी बोलत, आणि ती ऐकत पडून राही.

मग मुद्रापट आला. त्याचे दोन भाग होते. पहिला, डोक्यावर चढवायची टोपी. टोपीत बारीक दिवे होते आणि त्यांच्या शेजारी प्रकाश मोजणारे ठिपके. मेंदूच्या ज्या भागाला काम पडतं तिकडे रक्त धावतं, रक्ताचा रंग किंचित बदलतो, आणि कवटीतून परत येणाऱ्या प्रकाशावरून तो बदल टिपता येतो. त्यावरून संगणक दर अर्ध्या सेकंदाला पाच आकडे काढी: समाधान, दुःख, वेदना, भीती, राग. दुसरा भाग म्हणजे स्क्रीन. त्या आकड्यांप्रमाणे स्क्रीनवर रोग्याचाच चेहरा रेखाटला जाई, जुन्या फोटोंवरून हुबेहूब बनवलेला.

टोपी दुसऱ्या कंपनीची होती. आकड्यांवरून चेहरा रेखाटणारा भाग रोहिणीच्या कंपनीने केला होता. तो लिहिला होता रोहिणीने.

मुद्रापट पहिल्यांदा चालू झाला त्या दिवशी सतरा वर्षांची सन्मती शाळेच्या गणवेशातच धावत आली होती. “आई, तुला ऐकू येतंय?” तिने विचारलं, आणि दोन महिने अंधाऱ्या विहिरीत पडलेल्या माणसाला वरून कुणीतरी नावाने हाक मारावी तसं रोहिणीला झालं. स्क्रीनवर चेहरा उमटला. हसरा. सन्मती किंचाळली, भरतेश खाली बसून रडला, डॉक्टर हुक्केरींनी टाळ्या वाजवल्या.

ते हसू खरं होतं. त्यानंतर ते कधी पुसलंच गेलं नाही.

*

हे तिच्या लक्षात यायला वेळ लागला. आपला चेहरा तिला दिसत नव्हता. तो लोकांच्या चेहऱ्यांवरून ओळखावा लागे. सुरुवातीला तिला एवढंच जाणवलं, की आपण कितीही उदास असलो तरी येणारा माणूस जाताना खूश होऊन जातो.

मग सन्मती आली, एका सोमवारी, एकटीच. समोर उभी राहिली. डोळे सुजलेले.

“आई, आजी गेली,” ती म्हणाली. “काल सकाळी. झोपेतच. बाबा म्हणाले नंतर सांगू, पण तुझी आई आहे. तुला कळायला पाहिजे.”

रोहिणीच्या आत काहीतरी मोठं, जड, हळूहळू कोसळू लागलं. तिच्या आईचे हात, हातावरचं गोंदण, फोनवर पहिलं वाक्य नेहमी “जेवलीस का?” सन्मती स्क्रीनकडे बघत होती. एक मिनिट गेलं. दोन गेली. सन्मतीचा चेहरा कोरा होत गेला.

“आई, मी काय सांगितलं? आजी गेली! तू हसतेस काय?”

यंत्राने चादर वर उचलली, खाली ठेवली.

“हसू नकोस!” सन्मती ओरडली. दारातून नर्स धावत आली. “हसू नकोस म्हणतेय ना! ही माझी आई नाहीये. माझी आई अशी नव्हती. तू माझी आई नाहीस!”

त्यानंतर सन्मती आली नाही.

*

रडता येत नाही, मान फिरवता येत नाही, डोळे मिटता येत नाहीत, तेव्हा माणसाकडे उरतो तो फक्त विचार. रोहिणीने विचार करायला घेतला. चार वर्षांपूर्वी लिहिलेला प्रोग्रॅम तिने आठवून आठवून, एकेक ओळ, डोक्यात पुन्हा मांडला. पंधरा दिवस लागले.

स्क्रीनवरचं चित्र आपोआप बदलत नसतं. मागचा आकडा बदलला तरी चित्र जुनंच राहतं; त्याला कुणीतरी सांगावं लागतं, की तू आता शिळं झालंस, स्वतःला पुन्हा काढ. नवशिका प्रोग्रॅमर हे सांगायला विसरतो. रोहिणी विसरली नव्हती. तिच्या पहिल्या आवृत्तीत आकडा जरा हलला की चेहरा नव्याने रेखाटला जाई. पण त्यामुळे चेहरा सारखा थरथरे. तिचे साहेब विनीत सबनीस म्हणाले, “लोकांना भूत बघितल्यासारखं वाटतंय, रोहिणी. शांत कर त्याला.”

तिने एक ओळ घातली. नवा आकडा आधीच्या आकड्यापेक्षा बराच वेगळा असेल तरच चेहरा पुन्हा काढायचा.

चूक ‘आधीच्या’ या शब्दात होती. चित्र शेवटचं काढलं तेव्हाच्या आकड्याशी तुलना हवी होती. तिने अर्ध्या सेकंदापूर्वीच्या आकड्याशी केली होती. समजा, एखाद्या नर्सला सांगितलं, की दर मिनिटाला ताप बघ, आणि मागच्या मिनिटापेक्षा एक डिग्रीने वाढला तरच कागदावर लिही. ताप दर मिनिटाला कणभर चढत राहिला तर ती काहीच लिहिणार नाही. रोगी तापाने फणफणेल आणि कागदावर अठ्ठ्याण्णवच राहील.

चाचण्यांत हे उघडं पडलं नाही. तेव्हाची टोपी मेंदूतली वीज मोजायची, आणि चाचणीला बसलेली माणसं धडधाकट होती. त्यांना हसू फुटायचं, दचकायला व्हायचं. आकडे उड्या मारायचे. पुढे स्वस्त टोपी आली, रक्तप्रवाह मोजणारी. रक्त सावकाश चढतं, सावकाश उतरतं. ही टोपी नवी आहे असं डॉक्टर हुक्केरी पाहुण्यांना कौतुकाने सांगताना रोहिणीने ऐकलं होतं.

म्हणजे पहिल्या दिवशी चालू करताना जो चेहरा उमटला, तोच कायमचा. पापण्यांची उघडझाप आणि ओठांची बारीक हालचाल चालूच राही, कारण ती वेगळ्या थरावर होती. चेहरा जिवंत वाटावा म्हणून तीही रोहिणीनेच घातली होती.

हे कळल्यावर तिने समोरच्या रांगेकडे पाहिलं. तिच्या नजरेच्या पट्ट्यात तीन खाटा येत, तीन स्क्रीन. तिन्ही चेहरे प्रसन्न होते. नातेवाईक यायच्या दिवशीच केंद्रात मुद्रापट चालू करत. आपल्या माणसाला पाहून सगळेच हसले असणार. देशभर असे अकरा हजार मुद्रापट बसवले आहेत, हे तिने आजारी पडण्याआधी कंपनीच्या बैठकीत अभिमानाने सांगितलं होतं.

तिला वाटलं, आपण आता वेड्या होणार. पण वेड लागलं असतं तरी ते कुणाला दिसलं नसतं.

*

भरतेश अनघाविषयी बोलून गेला त्यानंतरच्या बुधवारी संमती-अधिकारी आल्या. गेली तीन वर्षं कायद्याने मुद्रासंमती चालत असे: न बोलणाऱ्या रोग्याला प्रश्न विचारायचा, मुद्रापटावर समाधान दिसलं तर तो होकार धरायचा.

“रोहिणीताई, साताऱ्याच्या पलीकडे डोंगरात दीर्घनिवास आहे. हवा छान. घरचे तुमचा चेहरा फोनवर रोज बघू शकतील, त्यांना यायची दगदग नाही. तुम्हाला जायला आवडेल?”

एवढं विचारून बाईंनी स्क्रीनचा फोटो काढला, सही केली आणि म्हणाल्या, “किती गोड हसतात. पुढच्या महिन्याच्या दोन तारखेला गाडी येईल.”

तिथे कुणी येणार नाही. फोनवर हसू दिसेल. वीस वर्षंही दिसेल.

त्याच आठवड्यात रोहिणीच्या पाठीखाली काहीतरी टोचू लागलं. डाव्या खांद्याच्या फऱ्याखाली, टणक, कंगोरेदार. पहिल्या दिवशी ते नुसतं जाणवत होतं. दुसऱ्या दिवशी आग होऊ लागली. तिसऱ्या दिवशी जगात त्या एका बिंदूशिवाय काही उरलं नाही. कूस बदलायला येणाऱ्या मदतनीस बाया तिला उजवीकडे कलंडवत, स्क्रीनकडे बघून म्हणत, “ह्यांचं काय नसतंय बाई, कायम खुशीत,” आणि पुन्हा त्याच जागी ठेवत.

शनिवारी दुपारी केंद्रात जनरेटरची चाचणी होती. वॉर्डाला खिडक्या नव्हत्या आणि दिवे एरवी रात्रंदिवस चालू असत. दिवे गेले, दोन-तीन सेकंद मिट्ट काळोख झाला, जनरेटर घरघरला आणि दिवे आले.

“या अल्ला!” कुणीतरी ओरडलं.

त्या रेश्मा नदाफ होत्या, दुपारपाळीच्या सिस्टर. पन्नाशीच्या, ठेंगण्या, नाकात चमकी. हातातला ट्रे तसाच धरून त्या रोहिणीच्या स्क्रीनकडे बघत होत्या.

“डॉक्टर! ह्या ताईंचा चेहरा बघा! हिकडं या आधी!”

रोहिणीला क्षणभर काही उमगेना. मग उमगलं. प्रकाश. खोलीतला उजेड फार बदलला तर स्क्रीनला आपली चमक जुळवून घ्यावी लागते, आणि तेव्हा सगळं चित्र मुळापासून पुन्हा काढलं जातं, आत्ताच्या आकड्यांनी. तिची वेदना स्क्रीनवर आली होती. कुणीतरी ती पाहिली होती.

डॉक्टर हुक्केरी धावत आले. तरुण होते, मनाने चांगले, सदा घाईत. “वीज गेल्याने बिघडलं असेल. आधी बंद करून चालू करू.”

“बंद कशाला करता? त्या बाईला काय होतंय ते बघा की.”

“सिस्टर, एक मिनिट.”

त्यांनी बटण दाबलं. त्या मिनिटात रोहिणीच्या आत काय चाललं होतं! कळलं यांना. सात महिन्यांनी कळलं. आता पाठ बघतील, आता सन्मतीला फोन करतील. पाठीतली आग तिला जाणवेनाशी झाली. आशेने तिचा जीव भरून आला, रक्त डोक्याकडे धावलं, आणि स्क्रीन चालू झाला.

“बघा,” डॉक्टर हसून म्हणाले. “नुसता बिघाड होता. कशा छान हसतायत.”

थांबा, रोहिणी म्हणाली. थांबा, थांबा. पण आता ते कशाला थांबतील?

*

डॉक्टर गेले. नदाफ सिस्टर गेल्या नाहीत. त्यांनी ट्रे खाली ठेवला आणि रोहिणीच्या डाव्या खांद्याखाली हात घातला. मग कंबरेखाली, मग पुन्हा खांद्याखाली, जरा आत. हात बाहेर आला तेव्हा बोटांत इंजेक्शनच्या सुईचं प्लॅस्टिकचं टोपण होतं, रक्ताने माखलेलं.

मग त्यांनी जखम धुतली, मलम लावलं, चादर ताणून बसवली. हे सगळं करताना त्या पुटपुटत होत्या. “दुखत हुतं. खरंच दुखत हुतं. मग ह्यो हसतोय कशाला मेला?” शेवटचं वाक्य स्क्रीनला उद्देशून होतं.

दोन दिवस त्या येता-जाता स्क्रीनसमोर थांबायच्या, कपाळाला आठ्या घालून. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांची फेरी झाल्यावर त्यांनी खिशातून टॉर्च काढला.

“ताई, मी अडाणी न्हाई, पण ह्यातलं मला काय कळत न्हाई,” त्या म्हणाल्या. “दिवे गेले-आले तवा चेहरा बदलला, एवढंच मी बघितलंय. आता मी ह्या डब्ब्यावर उजेड टाकणार. तुमाला कळत असंल तर कायतरी वाईटातलं वाईट आठवा. सावकाश आठवा. मी थांबते.”

रोहिणीकडे वाईटातलं वाईट तयारच होतं. सन्मतीचं ते वाक्य. ती त्याच्यापाशी गेली, त्याच्या आत शिरली. अर्ध्या मिनिटाने सिस्टरांनी टॉर्च लावला.

रोहिणीला सिस्टरांचा चेहरा दिसत होता. त्यांचा हात तोंडाशी गेला.

“आता चांगलं आठवा,” त्या म्हणाल्या.

सन्मती सहा वर्षांची, सायकलवर, मागून भरतेशने हात सोडलेला, आणि तिला ते माहीतच नाही. टॉर्च विझला.

“पुन्हा वाईट.”

टॉर्च लागला.

सिस्टर स्टुलावर बसल्या. मग प्रथमच स्क्रीन सोडून त्यांनी रोहिणीच्या न हलणाऱ्या डोळ्यांत पाहिलं. “आत बसलाय व्हय तुम्ही,” त्या म्हणाल्या. “समदं ऐकत.”

त्या दिवसापासून ‘हो’ आणि ‘नाही’ ठरले. ‘हो’ म्हणायचं असलं की सायकल. ‘नाही’ म्हणायचं असलं की ते वाक्य. एका उत्तराला मिनिटभर लागे, आणि प्रत्येक ‘नाही’साठी रोहिणीला लेकीच्या त्या ओरडण्याजवळ जावं लागे. साताऱ्याला जायचं आहे का, हा सिस्टरांचा पहिला प्रश्न होता. डॉक्टर हुक्केरींना शेजारी उभं करून त्यांनी तो तीनदा विचारला. तीनदा ‘नाही’ आलं. डॉक्टरांनी गाडी रद्द केली.

*

सन्मतीला सिस्टरांनी स्वतः फोन करून बोलावलं. ती आली, पण खाटेपासून चार हात दूर उभी राहिली. केस आखूड कापले होते. रोहिणीला ते ठाऊक नव्हतं.

“ये की जवळ,” सिस्टर म्हणाल्या. “काय विचारायचं ते विचार. मी सांगितलं तसं थांब आन् मग टॉर्च लाव.”

सन्मतीने टॉर्च हातात घेतला.

“आजी गेली हे मी सांगितलं तेव्हा,” ती म्हणाली, “तुला कळलं होतं?”

रोहिणीने ‘हो’साठी सायकल आठवायला हवी होती. तिला जमलं नाही. आईच समोर आली. आईचे हात, हातावरचं गोंदण, चार महिने अडवून ठेवलेलं सगळं. सन्मती सिस्टरांनी सांगितल्याप्रमाणे थांबली. मग तिने टॉर्च लावला.

स्क्रीनवर काय उमटलं ते रोहिणीला लेकीच्या चेहऱ्यावर वाचता आलं. सन्मतीचे ओठ आधी आवळले गेले, मग वाकडे झाले. टॉर्च खाटेवर पडला. तिने नळ्या सांभाळत आईच्या छातीवर डोकं ठेवलं.

“तू रडत होतीस,” ती म्हणत राहिली. “आई, तू रडत होतीस. आणि मी काय बोलले तुला.”

रोहिणीला तिच्या आखूड केसांवरून हात फिरवायचा होता. हात चादरीवर पडून होता, तिच्या नजरेच्या अगदी कडेला, दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा.

*

पुढचं काम सन्मतीने हाती घेतलं. एका पुठ्ठ्यावर तिने मुळाक्षरं लिहिली, शाळेतल्या तक्त्यासारखी. आधी ओळ विचारायची: क, च, ट, त, प, य, श, शेवटी स्वर. ओळ मिळाली की अक्षर. काना-मात्रा गाळायच्या, जोडाक्षरं सुटी करायची. एका शब्दाला अर्धा तास लागे, पण शब्द येत.

रोहिणीने पहिल्यांदा कळवलं ते कंपनीचं नाव. मग: ‘चक मझ.’

“चूक माझी,” सन्मतीने वाचलं. “कसली चूक, आई?”

ते सांगायला सहा दिवस लागले.

विनीत सबनीस पुण्याहून स्वतः आले. पूर्वी भरदार होते, आता वाळलेले दिसत होते. पुठ्ठ्यावरून उतरवलेली वही त्यांनी दोनदा वाचली. मग म्हणाले, “ही ओळ मी तपासून पास केली होती, रोहिणी. एवढंच नाही. तीन कुटुंबांची पत्रं आली होती, की आमचं माणूस कधीच रडत नाही, हे बरोबर आहे का? समाधानी रोग्याबद्दल कसली तक्रार, म्हणून मी ती पत्रं बाजूला ठेवली.” ते स्क्रीनकडे बघायचं टाळत होते.

दुरुस्ती एका ओळीची होती. पण रोहिणीने आणखी एक मागणी केली. ती कळवायला दोन दिवस लागले: ‘चहरयल उततर समज नक.’

“चेहऱ्याला उत्तर समजू नका,” सन्मतीने वाचून दाखवलं.

मनात काय दाटलंय ते एक, आणि आपण काय ठरवतोय ते दुसरं. दोन्हींना एकच जागा असू नये, असं तिला म्हणायचं होतं. सबनीसांना ते पटलं. स्क्रीनच्या खालच्या कोपऱ्यात त्यांनी एक हिरवा ठिपका बसवला. माणूस मनातल्या मनात अवघड गणित करू लागला, की कपाळामागे रक्त धावतं. ते टिपून ठिपका पेटे. त्याचा भावनेशी संबंध नव्हता. रोहिणी एकोणतीसचा पाढा म्हणे आणि ठिपका पेटला की तो ‘हो’. सायकल, लेकीचं ते वाक्य, कशालाच हात लावायची गरज उरली नाही.

नवी आवृत्ती एका गुरुवारी सकाळी दहा वाजता सगळीकडे एकदम गेली. केंद्रात चौदा खाटा होत्या. डॉक्टर, नर्स, मदतनीस सगळे वॉर्डात उभे होते. रोहिणी समोरच्या तीन स्क्रीनकडे बघत होती. ते एकदम काळे झाले, मग उजळले.

पहिल्या खाटेवरच्या बाईंचं हसू गेलं आणि तिथे काहीच आलं नाही. नुसता थकलेला, रिकामा चेहरा. दुसऱ्या खाटेवरच्या माणसाच्या चेहऱ्यावर इतकी भीती होती, की मदतनीस बाई मागे सरकली. तिसऱ्या खाटेवर एक म्हातारे होते. ते हसतच राहिले. त्यांचं खरोखरच बरं चाललं होतं.

वॉर्डाच्या टोकाकडून, रोहिणीला न दिसणाऱ्या खाटांकडून, कुणाच्या तरी हुंदक्याचा आवाज आला. तो डॉक्टर हुक्केरींचा होता. नदाफ सिस्टरांनी स्टूल ओढलं, दुसऱ्या खाटेपाशी बसल्या आणि त्या माणसाचा हात हातात घेतला. “भिऊ नगा,” त्या म्हणाल्या. “आमी आता बघितलंय.”

*

भरतेश रविवारी आला. सन्मती येऊ लागल्यापासून रविवारी तो तिलाच पाठवत होता. तो स्टुलावर बसला, पिशवी मांडीवर घेतली, आणि वर न बघता बोलू लागला.

“सन्मतीने सगळं सांगितलं. म्हणजे त्या दिवशी तू... मी विचारलं तेव्हा तू हसत नव्हतीस.”

रोहिणीने पाढा म्हटला नाही. ठिपका विझलेलाच राहिला.

“मी अनघाला सांगून टाकलंय की आता नाही. ती समजूतदार आहे. मी रोज येत जाईन. सकाळ-संध्याकाळ.” तो हे पाठ केल्यासारखं म्हणत होता. त्याचे गाल बसले होते, शर्टाची कॉलर चुरगळली होती. रोहिणीला त्याचा राग आला, कीवही आली, आणि त्याहून जास्त काहीतरी आलं, ज्याला नाव नव्हतं. या माणसाने तिला आधी विचारलं होतं. थांबेन म्हणाला होता. आणि तो थांबला, रोज दोनदा येऊन या खोलीत बसला, तर आपल्यासारखा आणखी एक माणूस आत कोंडला जाईल.

तिने पाढा सुरू केला. ठिपका पेटला. सन्मतीने पुठ्ठा उचलला.

“क? च?” ठिपका. “च. छ. ज?” ठिपका.

पुढच्या अक्षरासाठी सन्मतीने तक्ता दोनदा फिरवला, पण ठिपका पेटला नाही. शब्द संपला होता.

“ज,” सन्मती म्हणाली. मग तिला कळलं आणि तिने पुठ्ठा खाली ठेवला.

“जा?” भरतेशने विचारलं. “कुठे जा? घरी?” आणि मग त्यालाही कळलं.

त्याने स्क्रीनकडे पाहिलं. आता तिथे सगळं जिथल्या तिथे, त्या-त्या क्षणी उमटत होतं. रोहिणीला आपला चेहरा दिसत नव्हता, पण भरतेशचा दिसत होता, आणि तो पांढराफटक पडला होता.

“तू रडतेयस,” तो म्हणाला. “केवढी रडतेयस. रागावलीयसही. आणि जा म्हणतेस. मी कशावर विश्वास ठेवू, रोहिणी? या शब्दावर, की तुझ्या चेहऱ्यावर?”

रोहिणी एकोणतीसच्या पाढ्याकडे वळली. सन्मती हळू आवाजात ओळी वाचू लागली. ठिपका पेटत गेला, विझत गेला. पहिल्या अक्षराला दोन मिनिटं लागली, दुसऱ्याला तीन. भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली. कुणी उठलं नाही. सन्मतीने शेवटचं अक्षर लिहिलं आणि वही वडिलांपुढे धरली.

द न ह व र.

भरतेशने ते ओठांनी जुळवलं. एकदा चुकलं. पुन्हा जुळवलं.

“दोन्हीवर,” तो म्हणाला.